नळीत घातलेले शेपूट

कुत्र्याचे शेपूट बारा वर्षे नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, असे आपण म्हणतो. ही म्हण ज्याने पहिल्यांदा उच्चारली त्याने एखादे शेपूट खरोखर नळीत घालून पाहिले होते का, हे कळायला मार्ग नाही. आता मात्र शेपटासकट अख्खा कुत्राच नळीत घालायची सोय झाली आहे. ही नळी साठ-सत्तर सेंटिमीटर रुंद असते, तिच्याभोवती प्रचंड चुंबक असतो आणि बारा वर्षांचे काम ती तास-सव्वा तासात उरकते. तिला एमआरआय म्हणतात. तेवढ्या वेळात शेपटाचे काय होते ते प्रकरणाच्या अखेरीस येईलच. पण शेपूट हे एका लांबलचक रांगेचे मागचे टोक आहे. पुढच्या टोकाला, नाकाला लागून, मेंदू आहे आणि दोहोंच्या मध्ये पन्नासेक मणके. ही रांग टोकापासून टोकापर्यंत पाहायची तर सुरुवात एका घरातून करू.

आजोबांचा प्रश्न

पनवेलहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने निघाले, पळस्पे फाटा मागे टाकला की कोन लागते. इथून एक रस्ता सावळ्याकडे, रसायनीकडे फुटतो. पुढे गेले की खंडाळ्याचा घाट. एमएमआरडीएने इथे बांधलेल्या घरांपैकी २,४१७ घरांची सोडत २०१६ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी निघाली आणि लालबाग-परळच्या माणसांच्या पत्त्यात कोनचे नाव आले.

समजा, अशाच एका घरात पाच वर्षांचा डॅशहंड आहे. लांबुडका, आखूड पायांचा, नाव ब्रुनो. रात्री सोफ्यावर उड्या मारत होता. सकाळी उठून पाहतात तर पुढचे पाय टेकून उभा राहू बघतोय आणि मागचे दोन्ही पाय ओल्या फडक्यासारखे फरशीवर ओढले जातायत. सून घाबरून डॉक्टरांना फोन लावते. आजोबा त्याच्याशेजारी जमिनीवर बसतात. गिरणीत कापडाचे तागे उचलून उचलून त्यांच्या स्वतःच्या कमरेतली गादी सरकलेली. पट्टा अजून खुंटीला आहे. ते विचारतात, "गादी तर माझीपण सरकली होती. पायात कळ यायची, पण मी चालत होतो की. हा एका रात्रीत बसलाच कसा?"

प्रश्न अगदी नेमका आहे. माणसाचा आणि कुत्र्याचा कणा एकाच नमुन्याचा, आजारही एकाच नावाचा, मग परिणामात एवढा फरक का? याचे उत्तर एमआरआयच्या एका चित्रात दिसते. पण ते चित्र वाचायला थोडी तयारी लागते.

गंमत अशी, की ज्या गिरणगावातून हे कुटुंब कोनला आले तिकडेच ब्रुनोची गाडी वळण्याची शक्यता मोठी. परळला १८८६ सालापासूनचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याला लागून बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय, ज्याला परळची माणसे 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणतात. तिथून जवळच महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्ट्सचे पाच मजली स्मॉल ॲनिमल हॉस्पिटल उभे राहिले. तिथे एमआरआय आणि सीटी स्कॅन दोन्ही आहेत. बैल आणि घोडे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दवाखान्यापासून कुत्र्या-मांजरांच्या एमआरआयपर्यंतचा प्रवास मुंबईने दोन-तीन किलोमीटरच्या आत केला आहे.

माशी आधी, चुंबक नंतर

चांगला पशुवैद्य कुत्र्याला थेट नळीत घालत नाही. आधी तो हातांनी तपासतो. मागचा पंजा उलटा करून, म्हणजे पावलाची वरची बाजू फरशीला लागेल असा ठेवतो. धडधाकट कुत्रा तो क्षणात सुलटा करतो. ज्याच्या पायाची खबर मेंदूपर्यंत पोचत नाही तो तसाच उभा राहतो. दुसरी तपासणी गावाकडच्या माणसाला ओळखीची वाटेल. बैलाच्या पाठीवर माशी बसली की तेवढीच कातडी थरथरते. कुत्र्यातही ही थरथर आहे. डॉक्टर चिमट्याने कमरेपासून मानेकडे कण्याच्या दोन्ही बाजूंची कातडी हलके चिमटत जातात. जिथपासून थरथर सुरू होते त्या जागेच्या एक-दोन मणके पुढे बिघाड असतो. चिमट्याने गल्ली कळते, घराचा क्रमांक एमआरआय सांगतो.

तिसरी तपासणी सगळ्यात महत्त्वाची. मागच्या पायाचे बोट चिमट्याने जोरात दाबले तर कुत्रा काय करतो? पाय नुसता आखडला तर त्याला फारसा अर्थ नाही, ते मज्जारज्जू परस्पर उरकतो. कुत्र्याने मान वळवून पाहिले, केकाटला, चावायला धावला, तर वेदना मेंदूपर्यंत पोचली. ही खोल वेदना शाबूत असेल तर शस्त्रक्रियेनंतर दहांतले नऊ कुत्रे पुन्हा चालू लागतात. ती गेलेली असेल तर आकडा निम्म्याच्या आसपास येतो. चावायला येणारा रुग्ण बघून आनंद होण्याचे प्रसंग वैद्यकात थोडेच.

आपल्या देशात आणखी एक दक्षता लागते. लस न टोचलेल्या कुत्र्याची चाल किंवा वागणूक अचानक बदलली तर पहिली शंका रेबीजची घ्यायची. त्या शंकेचे निरसन झाल्याशिवाय पुढच्या कुठल्याही तपासणीचा विचार करायचा नाही.

भोवऱ्यांची जत्रा

एक्स-रे काढला तर ब्रुनोचे मणके दिसतील, पण मणक्यांच्या आतून जाणारा मज्जारज्जू दिसणार नाही. एक्स-रेला हाड कळते. रज्जू, गादी, चरबी, पाणी यांत तो फारसा फरक करत नाही. एमआरआयची दृष्टी वेगळी. त्याला हाडाशी कर्तव्य नाही, तो पाणी शोधतो.

शरीराचा मोठा भाग पाणी आहे आणि पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू. हायड्रोजनचे केंद्रक म्हणजे एक चिमुकला, चुंबकी गुण असलेला भोवरा. एरवी हे भोवरे वाटेल त्या दिशेला तोंड करून फिरत असतात. दीड टेस्लाच्या चुंबकात, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण तीस हजार पट जोराच्या क्षेत्रात, ते ओळीला लागतात आणि मंदावलेला भोवरा मान डोलावतो तशी मान डोलावू लागतात. सेकंदाला किती वेळा? सुमारे ६ कोटी ४० लाख. हा आकडा एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या जरासा खाली पडतो. म्हणून त्याच लयीच्या रेडिओलहरी सोडल्या की भोवरे कलंडतात; लहर थांबली की पुन्हा सावरतात आणि सावरताना स्वतःच बारीक रेडिओसंदेश देतात. यंत्र तो संदेश ऐकते. बाहेरच्या रेडिओचा गोंगाट आत येऊ नये म्हणून खोलीच्या भिंतींना तांब्याचे अस्तर असते आणि चुंबकाच्या तारा उणे २६९ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप हीलियममध्ये बुडवलेल्या असतात.

संदेश कुठून आला हे कळल्याशिवाय चित्र होत नाही. चुंबकाचा जोर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे किंचित कमी-जास्त ठेवला तर प्रत्येक जागेच्या भोवऱ्याची लय वेगळी होईल आणि लयीवरून जागा ओळखता येईल, ही कल्पना पॉल लॉटरबर यांची. १९७३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेले पहिले चित्र पाण्याने भरलेल्या दोन बारीक नळ्यांचे होते. म्हणजे या विद्येचा श्रीगणेशाच नळीने झाला. लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना त्यासाठी २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

चित्र वाचायची किल्ली सोपी आहे. एकाच कुत्र्याची निरनिराळ्या धाटणीची चित्रे काढतात. टी-वन चित्रात चरबी पांढरी आणि पाणी काळे. टी-टू चित्रात पाणी पांढरेशुभ्र. आजाराने सुजलेल्या जागी पाणी साठते, म्हणून डॉक्टरांची पहिली नजर टी-टूवर जाते. फ्लेअर नावाच्या तिसऱ्या धाटणीत मेंदूभोवतीचे स्वच्छ पाणी मुद्दाम काळे पाडतात, म्हणजे सुजेचे पाणी तेवढे उठून दिसते. घट्ट हाड आणि हवा दोन्हीकडे काळीच.

भूल, स्प्रिंग आणि गुडघ्याची कॉइल

माणसाला "हलू नका" सांगता येते. कुत्र्याला पूर्ण भूल द्यावी लागते, कारण यंत्र घणाचे घाव घातल्यासारखे ठोकत असते आणि एका चित्रमालिकेला काही मिनिटे लागतात. आदल्या रात्रीपासून उपास, रक्ताची तपासणी, शिरेत सुई, श्वासनलिकेत नळी. गळ्यातला पट्टा, बिल्ला, घुंगरू निघते, कानात कापसाचे बोळे जातात. भूल दिलेले लहान कुत्रे लवकर गार पडते, म्हणून त्याला पांघरुणात गुंडाळतात.

इथे बारीकसारीक गोष्टी डोके खातात. श्वासनलिकेतली नळी प्लास्टिकची असते, पण तिचा फुगा फुगवायच्या झडपेत तांदळाएवढी लोखंडी स्प्रिंग असते. तेवढीशी स्प्रिंग डोक्याजवळ राहिली तरी चित्रात शाई सांडल्यासारखा काळा डाग पडतो, म्हणून ती झडप चिकटपट्टीने लांब बांधतात. मानेच्या कातडीखाली बसवलेली ओळखीची मायक्रोचिपही असाच डाग पाडते. भोवऱ्यांचा रेडिओसंदेश टिपणाऱ्या वेटोळ्याला कॉइल म्हणतात; कुत्र्याच्या डोक्यासाठी अनेक ठिकाणी माणसाच्या गुडघ्याची कॉइल वापरतात. मध्यम चणीच्या कुत्र्याचे डोके तिच्यात असे चपखल बसते, जणू त्याच्याच मापाने केलेली.

काटकोन आणि सरळ रेघ

आता चित्र. डोक्याचा उभा छेद, नाकापासून मानेपर्यंत मधोमध कापल्यासारखा. पहिला धक्का बसतो तो मेंदूच्या आकाराचा. एवढ्या मोठ्या डोक्यात मेंदू जेमतेम मोठ्या लिंबाएवढा, ७०-८० ग्रॅमचा. माणसाचा १,३०० ते १,४०० ग्रॅम. लाडाने कुत्र्याच्या डोक्यावर हात फिरवतो तेव्हा हाताखाली असतात ते मुख्यतः जबड्याचे स्नायू आणि कपाळातली हवेची पोकळी. मेंदू त्यांच्याआड, मागे सरकून बसलेला.

छेदात डावीकडे नाकातल्या पातळ पडद्यांची भेंडोळी दिसतात, अळुवडीचा उंडा आडवा कापल्यावर आत दिसते तशी गुंडाळी. त्यांच्यामागे जाळीदार हाड आणि जाळीच्या लगेच पलीकडे घ्राणकंद, वास घेणाऱ्या मज्जातंतूंची पहिली चौकी. माणसात हा कंद मेंदूच्या पोटाखाली दबलेली बारीक काडी आहे. कुत्र्यात तो मेंदूचे पुढचे नाकाडच होऊन बसला आहे.

त्यामागे घड्या पडलेला मोठा मेंदू. २०१७ मध्ये सुझाना हर्क्युलानो-हूझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांच्या मेंदूच्या सालीतल्या चेतापेशी मोजल्या, तेव्हा कुत्र्यात त्या सुमारे ५३ कोटी भरल्या, मांजरात २५ कोटी. माणसात साधारण १,६०० कोटी. मांजरवाल्यांनी या आकड्यावर अजून वाद मिटवलेला नाही.

छेदाच्या मधोमध वाटाण्याएवढे एक गोल दिसते. डाव्या-उजव्या थॅलॅमसला जोडणारा हा पूल. कुत्र्यात तो ठळक असतो, माणसात किरकोळ, काही माणसांत नसतोच. म्हातारे कुत्रे रात्री भिंतीकडे तोंड करून उभे राहू लागले, घरातलीच दारे विसरू लागले, तर डॉक्टर या वाटाण्याची जाडी मोजतात. ती ५ मिलिमीटरच्या खाली उतरली असेल तर मेंदू झिजल्याची ती एक खूण.

पण दुसरा, मोठा धक्का रेघेचा. माणूस दोन पायांवर उभा राहिला आणि त्याचा मज्जारज्जू डोक्यात खालून शिरू लागला. त्यामुळे मेंदूची दिशा आणि कण्याची दिशा यांत जवळजवळ काटकोन पडतो. कुत्र्यात रज्जू मागून येतो. घ्राणकंद, मोठा मेंदू, त्यामागे झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी असलेला लहान मेंदू, खालून मेंदूचा देठ आणि पुढे मज्जारज्जू, सगळे रेल्वेच्या डब्यांसारखे एकामागे एक. पत्त्यात कोनचे नाव मिरवणाऱ्या ब्रुनोच्या अंगात हा कोनच नाही.

या रचनेत चालण्याचा कारभारही वेगळा वाटलेला आहे. माणसाचे चालणे मोठ्या मेंदूच्या सालीवर इतके अवलंबून, की तिथे रक्ताची गुठळी अडकली तर अर्धे अंग लुळे पडते. कुत्र्याच्या चालण्याची सूत्रे बरीचशी मेंदूच्या मधल्या भागात आणि देठात आहेत. म्हणून मोठ्या मेंदूत गाठ झालेला कुत्राही बऱ्यापैकी चालतो. मात्र तो गाठीच्या बाजूला गोल गोल फिरतो आणि ताटलीतला अर्धाच भात खातो. गाठ डावीकडे असेल तर उजव्या बाजूचा भात त्याच्या लेखी नसतोच. ताटली फिरवून दिली की उरलेला अर्धाही संपवतो. घरचे म्हणतात, "खाणं कमी झालंय." डॉक्टर विचारतात, "कुठल्या बाजूचं उरतं?"

शहाळे आणि खोबरे

आता कण्याकडे. कुत्र्याच्या मानेत ७ मणके, छातीत १३, कमरेत ७, त्रिकास्थीत जुळलेले ३ आणि शेपटात साधारण २०. माणसाचा हिशेब ७, १२, ५, ५ आणि ४. मानेचा ७ हा आकडा जिराफातही तोच. निसर्गाने त्यात सहसा हात घातलेला नाही.

दोन मणक्यांच्या मधल्या गादीची कल्पना कोकणात राहणाऱ्याला चटकन येईल. बाहेरून काथ्यासारखे चिवट वेटोळे, आत शहाळ्याच्या मलईसारखा पाणीदार गर. टी-टू चित्रात हा गर पाण्यामुळे पांढरा चमकतो. निरोगी कण्याच्या उभ्या छेदात मणक्यांच्या रांगेत पांढऱ्या टिकल्या ओवल्यासारख्या दिसतात. त्यांच्या वर मज्जारज्जूचा करडा पट्टा आणि पट्ट्याच्या दोन्ही कडांना पांढऱ्या रेघा, त्या रज्जूभोवतीच्या पाण्याच्या, मेरुद्रवाच्या. द्रुतगती मार्गाच्या कडेच्या पट्ट्यांसारख्या त्या मैलोन्‌मैल अखंड जाव्यात, अशी अपेक्षा.

ब्रुनोच्या चित्रात टिकल्या विझलेल्या आहेत. डॅशहंड, पग, फ्रेंच बुलडॉग, बीगल अशा जातींत गादीतली मलई फार लवकर सुकून खोबरे होते आणि पुढे त्यात चुना भरतो. डॅशहंडात तर वर्षभराच्या वयातच बहुतेक गाद्यांची ही अवस्था असते. स्वीडनचे हान्स-योर्गेन हान्सेन यांनी १९५२ मध्ये या आजाराचे दोन प्रकार सांगितले ते आजही शिकवले जातात. पहिल्यात वाळलेला गर वेटोळे फोडून एकदम बाहेर उडतो. दुसऱ्यात, जो मोठ्या जातींत उतारवयात दिसतो, वेटोळेच हळूहळू फुगत जाते. ब्रुनोचा पहिला. सोफ्यावरून मारलेली उडी फक्त निमित्त. तयारी जन्मापासूनची.

या तयारीचे मूळ २०१७ मध्ये जनुकापर्यंत जाऊन सापडले. एफजीएफ-४ नावाच्या वाढीच्या जनुकाची एक जादा प्रत बाराव्या गुणसूत्रावर जाऊन बसली आहे. आखूड पाय आणि सुकणाऱ्या गाद्या या दोन्हींत तिचा हात. बिळात शिरणाऱ्या कुत्र्याला आखूड पाय हवे म्हणून माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड केली. पायांच्या बरोबर कण्याचे हे दुखणेही पदरात आले.

ब्रुनोचा गर फुटला कुठे? छाती जिथे संपते आणि कंबर सुरू होते, तिथे. डॅशहंडातल्या बहुतेक गाद्या याच पट्ट्यात फुटतात. छातीचा वरचा भाग बचावतो, कारण दुसऱ्या ते दहाव्या बरगड्यांच्या डाव्या-उजव्या टोकांना जोडणारा एक आडवा स्नायुबंध प्रत्येक गादीवरून जातो आणि तिला वर उसळू देत नाही. फासळ्यांचा ताठ पिंजरा आणि लवचिक कंबर यांच्या सांध्यावर तो बंध नाही आणि ताण मात्र सगळ्यात जास्त. चित्रात तिथे कडेच्या पांढऱ्या रेघा तुटल्या आहेत. खंडाळ्याच्या घाटात दरड कोसळून दोन्ही मार्गिका बंद व्हाव्यात तसा काळा ढिगारा मज्जारज्जूला एका अंगाला रेटून बसला आहे.

आणि इथेच आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर आहे. माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. त्याखाली कण्याच्या पोकळीत घोड्याच्या शेपटासारखे सुटे मज्जातंतू लोंबत असतात. आजोबांची गादी बहुतेक माणसांसारखी कमरेच्या तळाशी सरकली. तिने एखादा तंतू दाबला, पायात कळ गेली, पण रज्जू तिथे नव्हताच. ब्रुनोचा रज्जू कमरेच्या सहाव्या मणक्यापर्यंत जातो. त्याची गादी फुटली ती थेट रज्जूवर, आणि मेंदू ते मागचे पाय ही सगळी वाहतूक एका जागी बंद पडली. आजोबांच्या बाबतीत गल्ली अडली, ब्रुनोच्या बाबतीत महामार्ग.

शस्त्रक्रियेत सर्जन मणक्याच्या कमानीला बाजूने खिडकी पाडतो आणि तो खोबऱ्यासारखा चुरा खरवडून काढतो. खिडकी कुठल्या मणक्याला आणि डावीकडून की उजवीकडून, हे एमआरआयने आधीच ठरवून दिलेले असते.

पंधरा अंश

ब्रुनोच्या जातीचे पाय माणसाने आखूड केले. काही जातींचे थोबाड आखूड केले. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी लांब आणि चपट्या तोंडांच्या कुत्र्यांच्या मेंदूचे एमआरआय ताडून पाहिले. चपट्या तोंडांच्या कुत्र्यांत कवटीबरोबर मेंदूच पुढे कलंडला होता, काहींत १५ अंशांपर्यंत, आणि घ्राणकंद खाली सरकला होता. ज्या डब्यांच्या रांगेचे आपण कौतुक केले तिचे इंजिनच वाकले. आपल्या दख्खनच्या पठारावरचा कारवान किंवा मुधोळ हाउंड आणि पग यांची थोबाडे शेजारी धरून पाहिली की बाहेरून दिसणारा फरक आत कुठवर गेला असेल याचा अंदाज येतो. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलमध्ये मागची कवटी मेंदूला पुरत नाही. लहान मेंदूचे टोक कवटीच्या मागच्या भोकातून मानेत घुसते, मज्जारज्जूत पाण्याच्या पोकळ्या तयार होतात आणि कुत्रा चालता चालता मानेजवळ हवेतच खाजवत राहतो. जवळून पाहणाऱ्याला ती लाडिक सवय वाटते.

जागे कुत्रे

आजार शोधायच्या या यंत्रात निरोगी, जागे कुत्रे घालायचे धाडस अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाच्या ग्रेगरी बर्न्स यांनी केले. कानांवर आवाजरोधक लावून, हनुवटी टेकवून स्तब्ध बसायला त्यांनी आपल्या कॅली या कुत्रीला शिकवले. २०१२ मध्ये त्यांचा पहिला निष्कर्ष आला: खाऊची खूण केलेला हात दिसताच मेंदूतला बक्षिसाची चाहूल लागणारा भाग पेटतो, रिकाम्या खुणेला नाही. बुडापेस्टच्या अटिला अँडिक्स यांनी २०१४ मध्ये ११ कुत्रे आणि २२ माणसे यांना तेच आवाज ऐकवले. आवाजातला भाव टिपणारे भाग दोघांच्या मेंदूत सारख्याच जागी निघाले. २०१९ मध्ये एरिन हेक्ट यांनी ३३ जातींच्या ६२ कुत्र्यांचे मेंदू तपासले. माग काढणारे, राखण करणारे, सोबतीला असणारे अशा कामांनुसार मेंदूतल्या काही जाळ्यांची ठेवणही बदललेली आढळली. माणसाच्या निवडीचा ठसा पायांवर, थोबाडावर आहे तसा मेंदूवरही.

आता शेपूट

म्हणीची परीक्षा राहिली. आपल्या गावठी कुत्र्याचे शेपूट पाठीवर आकड्यासारखे वळलेले असते, पण त्यातले मणके सरळच असतात. वळण धरून ठेवतात ते स्नायू. भूल चढली की स्नायू सैल पडतात आणि शेपूट टेबलावर निमूट सरळ होते. नळी, तीही एकच तास, म्हणीला खोटे पाडते. फ्रेंच बुलडॉगच्या मळसूत्री शेपटाची गोष्ट वेगळी. तिथले मणकेच पाचरीसारखे, अर्धवट वाढलेले असतात. २०१८ मध्ये त्याचे जनुकही सापडले. अशा कुत्र्यांच्या छातीच्या मणक्यांतही वेड्यावाकड्या पाचरी वारंवार दिसतात. ते शेपूट कुठल्याही नळीत वाकडेच राहील आणि ते तसे माणसानेच केले आहे.

ब्रुनोचे शेपूट सरळच होते, आता ते निपचित पडले आहे. शस्त्रक्रिया होऊन तो कोनला परत आला की घरच्यांनी पाय नंतर बघावेत, आधी शेपूट. पण एक फसगत टाळायची. पाठीला, बुडाला हात लागल्यावर शेपूट हलले तर हुरळून जायचे नाही, ते मज्जारज्जूचे परस्पर उत्तर असू शकते. हात न लावता, लांब उभे राहून हाक मारायची.

आजोबा दारातून "ब्रुनो" म्हणतात. आवाज कानातून मेंदूत जातो, तिथे ओळख पटते, मग हुकूम निघतो: देठातून, सात मानेच्या मणक्यांतून, फासळ्यांच्या पिंजऱ्यावरून, जिथे दरड पडली होती त्या वळणावरून, कमरेच्या टोकापर्यंत. कधी आठवड्याने, कधी तीन आठवड्यांनी, शेपटाचे टोक चादरीवर एकदा आपटते. एमआरआय पुन्हा काढायची गरज नाही. रस्ता सुरू झालाय.